९२ टक्के एफिशियन्सी, मग पाणी वास का मारतंय?

प्रश्न : आमची सोसायटी सांगलीत विश्रामबागला आहे, स्वतःचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) आहे. ऑपरेटर दर महिन्याला रिपोर्ट देतो त्यात एफिशियन्सी ९२ टक्के लिहिलेली असते, पण तेच पाणी बागेला सोडलं की संध्याकाळी खाली बसवत नाही. मीटिंगमधे दोन पार्ट्या पडल्यात, निम्मे म्हणतात मशीनच बदला. ही एफिशियन्सी मोजतात कशी आणि कमी-जास्त कशामुळं होते?
– एक सेक्रेटरी, सांगली

उत्तर : मशीनचं राहू द्या हो, आधी रिपोर्टमधले इनलेट-आउटलेटचे आकडे बघा. हिशोब शाळेतलाच आहे, आत येणाऱ्या पाण्याच्या बीओडीतून बाहेरचा वजा करायचा, आतल्यानं भागायचं, गुणिले १००. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन, आपल्याकडं लॅबवाले सॅम्पल २७ डिग्रीला ३ दिवस ठेवून काढतात.

आता गंमत बघा. कलेक्शन टँकचा, म्हणजे सांडपाणी आधी जमा होतं त्या टाकीचा, तळ ढवळून सॅम्पल घेतलं की आतला बीओडी लिटरला ६०० मिलिग्रॅम सुद्धा येतो, मग बाहेर ४८ असला तरी ९२ टक्के! आणि पावसाळ्यात गच्चीचं पाणी ड्रेनेजमधे घुसलं, आत ८० आणि बाहेर १६ आला, तर टक्के ८०च, पण पाणी त्या ४८वाल्यापेक्षा कितीतरी बरं. त्यामुळं टक्क्यांवर भांडू नका, प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटवर (परवानगीपत्रावर) आउटलेटचा जो आकडा लिहिलाय तो पाळला जातोय का एवढं बघा.

सॅम्पल कधी घेतलं तेही विचारा. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी, धुणं, भांडी एकदम सुरू असतात तेव्हाचं पाणी वेगळं आणि दुपारी तीनचं वेगळं, एकाच बाटलीवरून काय कळणार. २४ तास ठराविक वेळानं थोडं थोडं घ्यायचं, बर्फात ठेवायचं, मग एकत्र करून लॅबला द्यायचं, ते खरं.

वासाचं म्हणाल तर माझा पहिला संशय ब्लोअरवर, म्हणजे पाण्यात हवा सोडणाऱ्या मशीनवर. लाईटबिल वाचवायला रात्री बंद ठेवतात, सगळीकडं चालतं हे. जंतू घाण खातात त्या एरेशन टँकमधे विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास लागतो, तो संपला की पाणी सडतं आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. शेरी नाल्यानं कृष्णेत काय येतं यावर आपण सांगलीकर तावातावानं बोलतो, पण आपल्याच ब्लोअरचं बटण रात्री कोण बंद करतं ते बघत नाही. दुसरं म्हणजे जास्तीचा स्लज (जंतूंचा गाळ) वेळेवर काढत नाहीत, मग तो वर तरंगून पाण्याबरोबर बाहेर येतो. किचनचं तेल आणि संडासात ओततात ते ॲसिड, त्यानंही जंतूंचं काम बिघडतं, थंडीत तर ते तसेही सुस्तावतात.

एक टेस्ट तुमच्यासमोर करायला लावा. ब्लोअर चालू असताना एरेशन टँकमधलं पाणी १ लिटरच्या, मापाच्या खुणा असलेल्या पारदर्शक सिलिंडरमधे भरून ३० मिनिटं न हलवता ठेवायचं. तपकिरी स्लज खाली बसला, वर पाणी नितळ राहिलं आणि वास ओल्या मातीसारखा आला तर टाकी ठीक आहे. स्लज काळा असेल तर हवा कमी पडतीय. १०० मिलीच्या खाली बसला तर जंतूच कमी आहेत, आणि ८००-९०० वर अडकला तर एकतर स्लज फार साठलाय नाहीतर फुगलाय. बाहेर पडणारं पाणी पहाटे आणि दुपारी वेगवेगळ्या बाटल्यांत भरून शेजारी ठेवा, पहाटेचंच घाण दिसलं तर नवीन मशीनचं कोटेशन कशाला, ऑपरेटरकडून रात्रीच्या ब्लोअरचं लॉगबुक मागा. आणि हो, कलेक्शन टँकचं झाकण उघडून आत वाकू नका, उतरू तर अजिबातच नका, आत विषारी गॅस असतो.