घरगुती खाद्यव्यवसाय: भाव कसा काढायचा, गिऱ्हाईक कसं टिकवायचं?

तुमचा प्रश्न असा: हाताला चव आहे, ओळखीचे लोक मागून नेतात, आता पैसे घेऊन विकायचं ठरवलंय, तर भाव किती ठेवायचा आणि जाहिरात कुठे करायची? माझं उत्तर थोडं उलट्या क्रमाने आहे. पहिल्या ऑर्डरी ओळखीतूनच येतात, त्यासाठी जाहिरात लागत नाही. धंदा तरतो तो त्याच माणसाच्या दुसऱ्या ऑर्डरवर, आणि ती येते दर वेळी तीच चव, तेच वजन मिळालं तर. म्हणून जाहिरातीचे पैसे आधी वजनकाट्यात घाला.

पाककृती वाटी-चमच्यात नाही, ग्रॅममध्ये लिहा. 1 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पुरतो. अगदी कमी लागणाऱ्या जिनसांसाठी (उदाहरणार्थ परिरक्षक, म्हणजे पदार्थ टिकावा म्हणून घालायची वस्तू) 0.1 ग्रॅमचा वेगळा घ्या. मग माल वाढवून बघा. इथे बहुतेकांचं फसतं. मीठ वजनाच्या प्रमाणात वाढतं, पाणी तसं वाढत नाही. पाणी किती आटेल ते भांड्याच्या तोंडावर आणि वेळेवर ठरतं, त्यामुळे पाचपट माल उंच पातेल्यात केला की तो पातळ राहतो, आणि तो आटवत बसलं की तळाला लागतो. थेट दहापट उडी नको. दुप्पट करा, मग चौपट, आणि प्रत्येक वेळी तयार मालाचं वजन लिहून ठेवा.

भाव त्याच वजनावरून निघतो. समजा 10 किलो कच्चा माल आणला. निवडून-सोलून 8.5 किलो उरला, शिजून 6 किलो झाला. कागदावर 250 ग्रॅमचे 24 डबे होतात. भांड्याला लागलेला, चाखलेला माल धरला की 23 भरतात, आणि त्यातला एक तुम्ही वापरायची मुदत संपेपर्यंत स्वतःकडे ठेवायचा, म्हणजे तक्रार आली तर त्याच घाण्यातला नमुना हातात असतो. विकायला राहिले 22 डबे, म्हणजे 5.5 किलो. कच्च्या मालाचा भाव किलोला 100 धरला, तर विक्रीच्या मालात तोच खर्च किलोमागे सुमारे 182 झाला. त्यावर इंधन, डबा, लेबल, पोचवणं, आणि तुमच्या तासांची मजुरी. मजुरी ‘घरचीच’ म्हणून सोडू नका. पुढे मदतनीस ठेवायची वेळ आली की भाव एकदम वाढवावा लागतो आणि जुनी गिऱ्हाइकं तुटतात.

टक्क्यांत एक चूक हमखास होते. खर्च 60 आणि नफा 40 टक्के हवा म्हणून लोक 84 ला विकतात. पण 84 मधले 24 म्हणजे 29 टक्केसुद्धा नाहीत. विक्रीच्या 40 टक्के हवे असतील तर 60 ला 0.6 ने भागा, 100 येतील. खाद्यपदार्थ पोचवणाऱ्या ॲपचं कमिशनही तसंच काढायचं: हातात 150 हवेत आणि ते 25 टक्के कापतात, तर भाव 200 लागतो, 187.50 नाही.

याच हिशेबामुळे मला ‘उद्घाटनाची सूट’ आवडत नाही. 100 ला विकून 40 सुटत होते. 20 टक्के सूट दिली की 20 सुटतात. तेवढाच नफा मिळवायला दुप्पट माल करायचा, तोही हात अजून बसलेला नसताना. त्यापेक्षा दुसऱ्या एखाद्या पदार्थाचा छोटा नमुना डब्यासोबत द्या आणि त्यावर भाव आणि पुढच्या ऑर्डरचा दिवस लिहा.

आता टिकण्याबद्दल, कारण एक खराब डबा शंभर चांगल्या डब्यांवर पाणी फिरवतो. 5 ते 60 अंश सेल्सिअसमध्ये जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेला माल 60 वरून 21 अंशांवर दोन तासांत आणि तिथून 5 अंशांवर पुढच्या चार तासांत आला पाहिजे. खोल पातेलं तसंच फ्रिजमध्ये ठेवलं तर मधला भाग तासन् तास कोमट राहतो. 5 सेंटिमीटरपेक्षा कमी थर होईल अशा पसरट ट्रेमध्ये ओता. भाजलेला किंवा तळलेला कोरडा माल गरम असतानाच झाकला की आत वाफ जमते; कुरकुरीतपणा जातो, पुढे बुरशी येते. तेलात बुडवलेली ओली पेस्ट किंवा बंद बाटलीतला कमी आंबट पदार्थ कपाटात ठेवून विकू नका. पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका जास्त तितका आंबटपणा कमी) 4.6 च्या वर असेल तर हवाबंद बाटलीत बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार होऊ शकतं, आणि ते वासावरून कळत नाही. असा माल प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय बाहेर काढूच नये. कोरड्या मालाची मुदत ठरवायला दर आठवड्याला एक बंद पाकीट उघडून बघा. चव जिथे उतरायला लागते त्याच्या दोन-तृतीयांश मुदत छापा. लेबलवर निव्वळ वजन, घटक, तयार केल्याची तारीख, बॅच क्रमांक, आणि शेंगदाणा, दूध, गहू, अंडं, सोया, तीळ यांसारख्या ॲलर्जीच्या वस्तू ठळक असाव्यात. परवाना पहिल्या विक्रीच्या आधी घ्या.

आता गिऱ्हाईक. यादी तीन-चार पदार्थांची ठेवा. ऑर्डर घेण्याचा, करण्याचा आणि पोचवण्याचा वार ठरवा: बुधवारी रात्री ऑर्डर बंद, शुक्रवारी काम, शनिवारी वाटप, पैसे आधी. माल उरत नाही आणि लोकांनाही वार पाठ होतो. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) करत असाल तर ध्यानात घ्या, ज्याने तुमचा नंबर जतन केलेला नाही त्याला तो संदेश पोचतच नाही. म्हणून पहिल्याच वेळी नंबर जतन करायला सांगा. गूगल मॅपवर नोंद करा, ती फुकट आहे. घरचा पत्ता दाखवायचा नसेल तर फक्त सेवा देण्याचा परिसर टाकता येतो. फोटो खिडकीच्या उजेडात, दिवा बंद करून काढा, आणि त्यात खराखुरा डबा दिसू द्या.

एक वही ठेवा: नाव, पदार्थ, तारीख, कितवी ऑर्डर. पहिल्या 30 जणांपैकी महिन्याभरात 10 जणसुद्धा परतले नाहीत, तर परत न आलेल्यांपैकी पाच जणांना फोन करा. ‘आवडलं का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘किती उरलं, का उरलं?’ विचारा. पैसे देऊन जाहिरात फक्त तेव्हा करा, जेव्हा जुनी गिऱ्हाइकं टिकून आहेत आणि तरी शुक्रवारी हात रिकामे राहताहेत.