स्टिरिओच्या वायरिंगने गाडी जळाली, भरपाई कोणाकडे मागायची?

प्रश्न: मी जुळे सोलापुरात राहतो, चादरी-टॉवेलचा छोटा व्यापार आहे. माझ्या दोन वर्षांच्या गाडीत एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातून १८,५०० रुपयांत टचस्क्रीन स्टिरिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतला. पैसे यूपीआयने दिले, बिल मिळालं नाही. आठवड्याभरात स्टिरिओ तापू लागला, जळका वास येऊ लागला. व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं तर दुकानदाराचं उत्तर आलं, "नवीन आहे, काय होत नाही ओ." चार दिवसांनी अक्कलकोटला जाताना डॅशबोर्डातून धूर आला, थोडा जाळही दिसला. सर्व्हिस सेंटरने ८२,००० रुपयांचा खर्च सांगितला, वर वॉरंटी नाही म्हणाले. विमा कंपनीचा माणूस फोनवर म्हणतो, इलेक्ट्रिकल फॉल्ट पॉलिसीत बसत नाही. दुकानदार म्हणतो, सोलापूरच्या उन्हाने झालं, तरी गाडी आणा, वायरिंग फुकट बदलून देतो. कोणावर केस करू?

उत्तर: केसचं नंतर बघू. आधी गाडी त्या दुकानात नेऊ नका. तो मनाने चांगला असेलही, पण त्याने वायरिंग बदललं की तुमचा पुरावा त्याच्या भंगारात जाईल. बॅटरीची निगेटिव्ह बाजू सोडवून ठेवा आणि गाडी आहे तशी उभी करा.

मग माहितगार ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तो काही न तोडता पॅनल उघडत असताना व्हिडिओ काढा. स्टिरिओला बॅटरीचा कायम करंट देणारी पिवळी वायर कुठून घेतली आहे? कपलर (जोडणीचा प्लग) वापरलाय, की कंपनीची वायर सोलून, पीळ मारून नुसती टेप गुंडाळली आहे? अ‍ॅम्प्लिफायरची वायर बॅटरीपासून निघते तिथे जवळच फ्यूज आहे का, आणि किती अँपिअरचा? फ्यूज असतो तो मुळात वायर वाचवायला. बारीक वायरीला भलामोठा फ्यूज लावला, किंवा लावलाच नाही, तर शॉर्ट झाल्यावर आधी वायर जळते. हे फोटोत दिसलं की उन्हाचा मुद्दा टिकत नाही. तुमच्या गाडीने सोलापूरचे दोन उन्हाळे काढलेत, तेव्हा कंपनीच्या वायरिंगला काही झालं नाही.

आता वॉरंटी. इथे तुम्ही सर्व्हिस सेंटरशी भांडत बसू नये असं माझं मत आहे. बाहेरच्या फिटिंगमुळे झालेल्या नुकसानीला वॉरंटी सहसा लागू नसते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ८७ सुद्धा वस्तूत बदल केलेला असेल तर विक्रेत्याला बचाव देतं. पण "बाहेरून केलेल्या वायरिंगमुळे नुकसान" हे त्यांच्याकडून जॉब कार्डवर लिहून, शिक्क्यासह घ्या. तुम्हाला नकार देणारा हाच कागद दुकानदाराविरुद्ध तुमच्या कामी येणार आहे. उद्या इंजिन किंवा एसीचा वेगळा दोष निघाला आणि त्यालाही स्टिरिओचं कारण पुढे केलं, तर मात्र ऐकून घेऊ नका.

विमा कंपनीच्या फोनवरच्या नकाराला काडीची किंमत नाही. आजच ईमेलने क्लेम कळवा, सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारा) मागा, आणि त्याने पाहिल्याशिवाय दुरुस्तीला हात लावू देऊ नका. तुमची पॉलिसी नुसती थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीची) नसून ओन डॅमेजची (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची) असेल, तर तिच्यात आग आणि स्वयंज्वलन हे धोके धरलेले असतात. वगळलेला असतो तो इलेक्ट्रिकल बिघाड. स्टिरिओ नुसता बंद पडला असता तर त्यांचं म्हणणं बरोबर होतं. इथे जाळ झाला, म्हणून 'आग' हा शब्द क्लेममध्ये स्पष्ट लिहा. स्टिरिओ आणि अ‍ॅम्प्लिफायरचे पैसे मात्र विम्यातून धरू नका. बाहेरून बसवलेलं इलेक्ट्रिकल सामान जाहीर करून त्याचा जादा हप्ता भरावा लागतो, तो तुम्ही भरलेला दिसत नाही.

दुकानदाराला पोच मिळेल अशा स्पीड पोस्टने नोटीस द्या, पंधरा दिवसांची मुदत पुरे. दाद मिळाली नाही तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते, मुदत दोन वर्षांची आहे, आणि तुम्ही दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. सेवेतील त्रुटी हा मुख्य मुद्दा. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेही लिहा. बिल नाही म्हणून घाबरू नका, यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण आहे. त्या संभाषणासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडा, आणि मूळ फोन विकू नका!

दोन ठिकाणी तुमची बाजू लंगडी आहे. वास येत असताना तुम्ही चार दिवस गाडी चालवली. हे लपवू नका, उलट दुकानदाराच्या "काय होत नाही" या भरवशावर चालवली असं शपथपत्रात सांगा. तरीही आयोग रक्कम थोडी कमी करू शकतो. दुसरं, गाडीतून चादरींचे नमुने नेत असाल तर "हा व्यापारी वापर, हे ग्राहकच नव्हेत" असा बचाव येईल. उपजीविकेसाठी स्वतः व्यवसाय करणाऱ्याला कायद्याने ग्राहक मानलं आहे, त्यामुळे तो टिकू नये.

दुकानदार निम्मे पैसे देऊन मिटवायला आला तर? मोह होईल. पण विम्याचा निकाल लागेपर्यंत "पूर्ण व अंतिम" अशा कोणत्याही कागदावर सही करू नका. क्लेम दिल्यावर दुकानदाराकडून वसुलीचा हक्क विमा कंपनीला मिळतो. तुम्ही त्याला आधीच मोकळं केलंत, तर त्याच कारणाने ती तुमचा क्लेम अडवेल. क्लेम लेखी नाकारला, तर विमा कंपनीलाही त्याच तक्रारीत सामनेवाली (विरुद्ध पक्ष) करा.