चित्रपट चांगला कशामुळे ठरतो?

प्रश्न : कथा उत्तम असली की चित्रपट चांगला होतोच, असे म्हणता येईल का?

उत्तर : नाही. कथा हवीच, पण ती शब्दांवाचून पडद्यावर दिसली पाहिजे. २०१४ साली प्रदर्शित झालेल्या, नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त डुकराचा पाठलाग करणारे, जब्या या दलित शाळकरी मुलाचे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी स्तब्ध उभे राहते, पुढे बांबूला बांधलेले ते डुक्कर खांद्यावर घेऊन जाताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले यांची चित्रे दिसतात. कोणीही भाषण करत नाही, पार्श्वसंगीत रडायला सांगत नाही, तरीही प्रेक्षकाच्या घशात आवंढा दाटतो. मला तर संवादांपेक्षा ती भिंतच अधिक आठवते. महागडी दृश्ये आणि नामवंत कलाकार यांनी गर्दी जमते, एवढेच.