धरणात बुडालेलं कुर्डी गाव दरवर्षी वर येतं हे खरं का? बघायला कधी जावं?

खरं आहे, पण दर वर्षी सारखं दिसत नाही. पाणी किती उतरतं त्यावर सगळं. गोव्यातल्या सांगे तालुक्यातलं कुर्डी माझं आजोळ, म्हणून लिहितो.

साळावली धरणामुळे 1986 च्या सुमारास गाव पाण्याखाली गेलं. वस्ती तीनेक हजारांची. भात, माड, काजू, फणस. मुख्यमंत्री असताना दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात आले होते. धरणाचं पाणी सगळ्या दक्षिण गोव्याला मिळेल म्हणाले. भाऊंचा शब्द, लोकांनी मानला. मग बिऱ्हाडं वाडे आणि वालकिणीच्या पुनर्वसन वसाहतींत गेली. कदंब काळातलं महादेवाचं देऊळ दगड न दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभं केलं. सोमेश्वराचं देऊळ मात्र जागचं हललं नाही.

मे महिन्यात त्या सोमेश्वराचा उत्सव असतो. गावचे ख्रिस्ती लोकही आपल्या कपेलाच्या (छोट्या चर्चच्या) फेस्ताला, म्हणजे सणाला, जमतात. जायचं तर याच महिन्यात. जूनचा पाऊस लागला की संपलं.

दिसतं काय? चिऱ्यांची जोती, माडांचे खुंट, भेगाळलेला चिखल. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. त्यांच्या घराची जागा कुणीही दाखवेल. आमचं घर आई ओळखते ते जमिनीत बसवलेल्या कांडणाच्या उखळावरून. दर वर्षी त्यात गाळ भरलेला असतो आणि दर वर्षी ती काटकीने तो उकरून काढते. कशाला, ते विचारायची सोय नाही. एकदा एक पर्यटक मुलगा जोत्यावर फोटोसाठी ऐसपैस बसला होता. आई म्हणाली, "बाबा, तिथं चूल होती." पोळल्यासारखा उठला बिचारा! 'भुताचं गाव' म्हणून व्हिडिओ टाकणाऱ्यांचा मला राग येतो तो यामुळेच. त्या गावची माणसं अजून हयात आहेत हो.

बूट घालून जा, चिखल वरून वाळलेला दिसतो पण आत पाय रुततो. सावली अजिबात नाही. प्यायचं पाणी घरून न्या. आम्हीही कॅन भरून नेतो, धरणाच्या पोटात! आणि ज्यांची जमीन गेली त्यांनी वसाहतीत उन्हाळ्यात टँकरची वाट बघितली आहे, तेही जाता जाता सांगतो.

उत्सवाच्या दिवशी आलात तर दुपारी जेवायला थांबा. ड्रोन गाडीतच ठेवा.