ब्राँझची पहिली तुकडी घेताना

ड्यूक ऑफ एडिनबर्ग आंतरराष्ट्रीय पुरस्कार हा तरुणांसाठीचा उपक्रम. त्याची ब्राँझ ही पहिली पातळी (वय किमान 14) अवघड नाही. मुलं अडकतात ती नोंदींत. सेवा, कौशल्य, शारीरिक उपक्रम या तिन्हींना आठवड्याला साधारण एक तास, असे किमान 3 महिने. त्यातला एक आणखी 3 महिने. म्हणजे 6 महिन्यांच्या आत ब्राँझ होत नाही. सुट्टीत 3 महिन्यांचे 13 तास एका दमात उरकून चालत नाही, कारण इथे सातत्यच बघतात.

ऑनलाइन नोंदवहीत त्याच आठवड्यात लिहून घ्या. ‘गिटार शिकणे’ हे ध्येय फार मोघम. ‘तीन गाणी न अडखळता वाजवणे’ असं हवं. मूल्यमापक (प्रगती तपासणारी व्यक्ती) सुरुवातीलाच ठरवा, नातेवाईक नको.

साहसी प्रवास हा ब्राँझचा चौथा भाग. त्याची आखणी मात्र पहिल्याच महिन्यात करा. 4 ते 7 जणांचा गट, 2 दिवस 1 रात्र, रोज निदान 6 तास ठरवलेल्या हेतूसाठी. त्याआधी सराव प्रवास. सह्याद्रीत मे महिन्यात टाकी आटतात, पावसाळ्यात ओढे वाट अडवतात, डिसेंबर-जानेवारी उत्तम. नकाशा, तंबू, स्वयंपाक मुलांच्याच हाती राहू द्या. सोबत स्वयंपाकी नेला की साहसी प्रवासाची सहल होते.