रास्त, वाजवी आणि मोडीचा भाव

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका वाचकांनी विचारलंय: ‘बँकेच्या अहवालात वित्तीय मालमत्ता व दायित्वांचे रास्त मूल्य असं छापलंय. फेअर व्हॅल्यूला रास्त म्हणावं, वाजवी की उचित? आणि ते काढणं म्हणजे मूल्यांकन की मूल्यमापन?’

आधी राग काढून घेते. रास्त म्हणजे सरळ, स्वस्त नव्हे! लक्ष्मीपुरीतून चालत जा, ‘अत्यंत रास्त दरात’ अशी पाटी दिसेलच. सरळ रेघेला कुणी अत्यंत सरळ म्हणतं का? हा घोळ रेशनच्या दुकानाने घातला. कागदावर रास्त भाव दुकान, तोंडात स्वस्त धान्य दुकान. दुकान एक, त्यात यमक जुळलं, मग अर्थही एकच होऊन बसला. एका बँकेच्या सभेत तर एक सभासद उठून म्हणाले, “रोखे रास्त मूल्याला दाखवलेत, म्हणजे पडेल भावात विकले काय?” व्यासपीठावर कुणाला उत्तर सुचलं नाही.

रास्त फारसी आहे. अर्थ सरळ, खरा. आपल्या ‘ऋजु’चा तो लांबचा भाऊ, दोघांचं मूळ एकच. वाजवी आला अरबी ‘वाजिब’वरून, म्हणजे बंधनकारक, चुकवता न येणारं. (रुपया वाजवून घेत म्हणून वाजवी, असं सांगणारे एक गृहस्थ मला दर दिवाळीला भेटतात. नाही हो. तसं असतं तर खोटा रुपयाही वाजवीच ठरला असता, वाजतो तोही.) उचितचा जुना अर्थ सवयीचा, अंगवळणी पडलेला. पुण्याच्या एका अनुवादकांचा ‘उचित मूल्य’ असा हट्ट आहे, कारण त्यांना यावनी शब्द चालत नाहीत. किंमत, हिशेब, रक्कम हे तिन्ही अरबी शब्द वापरल्याशिवाय त्यांचं एक पान पुरं होत नाही, ते मात्र चालतं. आणि ज्याचा भाव रोज हलतो त्याला ‘सवयीचं’ म्हणायचं, हे तर कमालच.

विशेषणावर एवढं भांडतात, नामाकडे कुणी बघत नाही. ‘मूल्य’ बघा. पाणिनीने ४.४.९१ या एका सूत्रात नाव्य, वयस्य, धर्म्य, विष्य, मूल्य, सीत्य, तुल्य अशी अख्खी पंगत बसवलीय, आणि त्यात ‘मूल’ला दोनदा पान वाढलंय. काशिका या पाणिनीवरच्या जुन्या टीकेत दोन्हींचे अर्थ निराळे. एक, ‘मूलेन समः’: घातलेल्या मुद्दलाच्या तोडीचं. दुसरा, ‘मूलेन आनाम्यम्’: इथे टीकाकार मुद्दल वाढीसकट हाती देणारी किंमत धरतात. त्याच्या तीनच सूत्रं आधी ‘मूल्य’ म्हणजे चक्क मुळासकट उपटायचे मूग आणि उडीद! शेंगा तोडत बसायचं नाही, झाडच उपटायचं. एका शब्दात शेतही आहे आणि दुकानही. आणि तुलेवरून आलेला तुल्य त्याच ओळीत शेजारी. म्हणजे किंमत आणि तराजू अडीच हजार वर्षांपूर्वीच एका पाटावर बसलेले. धर्म्य, म्हणजे न्यायाने मिळण्याजोगं, तेही तिथेच. ‘धर्म्य मूल्य’ म्हटलं तर फेअर व्हॅल्यू एका सूत्रात आटोपते. सुचवत नाही, कॅशियर माझ्या अंगावर येतील.

आता माझं म्हणणं. मूल्याची नजर मागे आहे, मुळाकडे, घातलेल्या पैशाकडे. फेअर व्हॅल्यू नेमकी उलटी. २०११ चं आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानक (आयएफआरएस) १३ आणि त्यावरून बेतलेलं भारतीय लेखामानक ११३ सांगतं: मोजणीच्या दिवशी, बाजारातल्या जाणत्या मंडळींत, कुणाला नड नसताना, मालमत्ता विकून जे येईल किंवा देणं दुसऱ्याकडे सोपवायला जे मोजावं लागेल, ते. खरेदी कितीला केली हे विचारायचंच नाही.

याला कोल्हापुरात शब्द आहे. आत्याचा साज घेऊन मी गुजरीत, सराफांच्या पेठेत गेले, तेव्हा पेढीवरचा पहिला प्रश्न होता, “मोडायचाय की बदलायचाय?” घेताना दिलेली मजुरी गेली, आता फक्त आजचा मोडीचा भाव. नोट मोडतो, ठेव मोडतो, साज मोडतो; अडकलेला पैसा सुटा करणं म्हणजे मोडणं. फेअर व्हॅल्यू म्हणजे साज न मोडता काढलेला मोडीचा भाव. मात्र नडीचा भाव नव्हे. दवाखान्याचं बिल भरायला रातोरात विकलं तर जे मिळतं ते यात धरत नाहीत.

बँकेत हे असं चालतं. शंभराचा रोखा, सात टक्के व्याज, एक वर्ष उरलंय. बाजारात दर आठ झाला, तर वर्षाने येणारे १०७ आज ९९ रुपये ७ पैशांचे. भाव कशावरून काढला, त्याच्या मानकात तीन पातळ्या. खुल्या बाजारात त्याच रोख्याचा भाव मिळाला तर पहिली पातळी, म्हणजे मार्केट यार्डात सकाळी त्याच प्रतीच्या गुळाचा सौदा निघाल्यासारखं. शेजारच्या प्रतीवरून बांधला तर दुसरी. सौदाच नाही, आपलाच आडाखा, तर तिसरी. कर्जं बहुधा इथेच येतात, कारण कर्जाचा सौदा यार्डात निघत नाही. देण्यांचं आणखी मजेशीर. मागता क्षणी परत द्यायची ठेव मागणीच्या रकमेपेक्षा कमी धरताच येत नाही, मग ती वर्षानुवर्षं कुणी हलवलेली नसो. व्यापारी बँकांच्या गुंतवणुकीसाठी रिझर्व्ह बँकेनेही १ एप्रिल २०२४ पासून या तीन पातळ्या लागू केल्या आहेत.

आणि ‘मालमत्ता’ कशाला? सहकारी संस्थांच्या ताळेबंदात अजून ‘जिंदगी व येणी’ असतं. फारसीत जिंदगी म्हणजे आयुष्य. आपल्याकडे शेत, घर, ठेव. हिंदी सिनेमाने ती पळवली, ताळेबंदाने सांभाळली.

तर अहवालात रास्त मूल्यच राहू द्या. सभेत कुणी विचारलं तर मोडीचा भाव म्हणा, मागच्या रांगेपर्यंत कळेल. मूल्यांकन-मूल्यमापनाचं राहिलंच की. मूल्यमापन शाळांनी नेलंय, त्यांच्याकडून कोण काढून घेणार? बँकेने मूल्यांकन घ्यावं.