नागपुरात पेट्रोल पंपावर आणि पार्किंगमध्ये गाडीवाल्यांनी एकमेकांशी कसं वागावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नुकतीच नागपुरात बदली झाली, चारचाकी चालवता, पंपावर दुचाकीवाले ओरडतात, अमरावती रोडवरच्या पंपावर ट्रकवाल्याशी वाजलं, आणि बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) गाडी लावली की दारावर ओरखडा घेऊनच घरी जाता. चूक कोणाची, आणि इथली रीत काय?

चूक बहुतेक वेळा कोणा एकाची नसते. प्रत्येक वाहनाला काही गोष्टी जमतच नाहीत आणि शेजारच्याला ते ठाऊक नसतं, तिथून भांडण सुरू होतं. म्हणून प्रत्येक रीतीमागचं कारणही सांगतो.

पंपापासून सुरुवात करू. साध्या मशीनचं नोझल मिनिटाला जास्तीत जास्त साधारण 40 लिटर टाकतं. दुचाकीत तीन लिटर टाकायला काही सेकंद लागतात, तुमच्या गाडीत तीस लिटरला मिनिटभर. ट्रकची टाकी दोनशे-तीनशे लिटरची, म्हणजे साध्या नोझलला पाच ते आठ मिनिटं सहज. म्हणून रांग निवडताना गाड्या मोजू नका, पुढे कोणती वाहनं आहेत ते बघा. दोन ट्रकच्या मागे उभं राहण्यापेक्षा सहा गाड्यांची रांग लवकर सरकते. दुचाकीसाठी वेगळं मशीन ठेवलं असेल तर ते मोकळं दिसलं तरी चारचाकी तिथे घालू नका. तुमची एक गाडी तिथे अडकली की मागे दहा-बारा जण तापतात, तुमच्यावरचं ओरडणं बहुधा तिथूनच येतं.

पंपात शिरण्यापूर्वी टाकीचं झाकण कोणत्या बाजूला आहे ते माहीत हवं. पेट्रोलच्या काट्याजवळ पंपाचं छोटं चित्र असतं, बहुतेक नव्या गाड्यांत त्याच्या शेजारी बारीक त्रिकोण असतो. तो ज्या बाजूला टोक दाखवतो, झाकण त्या बाजूला. चुकीच्या बाजूने लागलात तर पाइप गाडीवरून ओढावा लागतो, रंगावर घासतो, नाहीतर पुढेमागे करताना सगळी रांग थांबते. मशीनपासून दोन-अडीच फूट सोडून थांबा, पंपवाल्याला मध्ये उभं राहता आलं पाहिजे. गाडी नोझलला समोरासमोर आणा आणि एकाच ओळीत एकामागे एक दोन मशीन असतील तर शक्यतो पुढच्या जागेपर्यंत जा. मागेच थांबलात तर पुढची जागा रिकामी राहते आणि तिथे कोणाला शिरता येत नाही. रांगेत असतानाच झाकणाचा खटका ओढून ठेवा.

दुचाकीवाल्यांसाठी दोन गोष्टी. सीटखाली टाकी असलेली स्कूटर असेल तर आपला नंबर येण्याआधीच डिकीतलं सामान बाजूला करा, मशीनसमोर पिशव्या उपसत बसू नका. आणि भरताना गाडीवरून उतरा, मागे बसलेल्यांनाही उतरवा. पेट्रोल सांडलं तर ते सरळ मांडीवर आणि तापलेल्या इंजिनावर पडतं. बसलेला माणूस घाबरून गाडी तशीच सोडतो, आणि मग काय होईल ते सांगायला नको.

आता टाकी तुडुंब भरण्याबद्दल जरा सविस्तर, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात हा विषय साधा नाही. नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल वाहत असताना त्यातून हवा आत ओढली जाते. टाकीतलं पेट्रोल त्या छिद्राला टेकलं की हवा बंद होते, आतला पडदा ओढला जातो आणि खट् असा आवाज होऊन नोझल बंद पडतं. हा खटका म्हणजे ‘टाकी भरली’. त्यानंतर ‘भाऊ, अजून थोडं टाका नं, राउंड फिगर करा’ म्हणू नका. पेट्रोल तापलं की फुगतं: 10 लिटरला दर 10 अंशामागे जवळपास 100 मिली. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं पेट्रोल त्या मानाने थंड असतं. मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात तुमची दुचाकी दोन तास उभी राहिली की टाकीतलं पेट्रोल 20 अंशांनी सहज तापतं, म्हणजे दहा लिटरला 200 मिली जागा जास्त लागते. ती जागा नसेल तर पेट्रोल झाकणाच्या कडेने पाझरतं. साइड स्टँडवर गाडी डावीकडे झुकलेली असते, त्यामुळे डाव्या कडेने आधी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, वर न जाता जमिनीलगत पसरते. पार्किंगमध्ये शेजारच्याच्या गाडीखाली ती साचली आणि त्याने तिथेच काडी ओढली तर दोष तुमच्या टाकीचा. चारचाकीत वेगळा तोटा आहे. टाकीची वाफ धरून ठेवायला कोळशाचा डबा बसवलेला असतो, वरून भरलेलं पेट्रोल त्यात गेलं की तो खराब होतो, मग पेट्रोलचा वास येत राहतो आणि गाडी सुरू व्हायला त्रास देते.

दुचाकीत पंपवाला नोझल बहुतेक वेळा वरच्या वर धरतो, पूर्ण आत घालत नाही. त्यामुळे खटका वेळेवर पडेल याचा भरवसा नाही. टाकी भरायची असेल तर स्वतः तोंडाकडे बघा आणि गळ्याच्या दोन बोटं खाली असताना थांबवायला सांगा. सांडलंच तर तिथे गाडी सुरू करू नका. झाकण लावा, ढकलत दहा-पंधरा पावलं बाजूला न्या, पुसा, वाफ उडू द्या. मागच्याने एवढ्या वेळात हॉर्न वाजवू नये, उलट एक हात लावावा. आणि टाकीच्या तोंडाशी जाळ दिसलाच तर नोझल ओढून बाहेर काढू नका, पेटतं पेट्रोल चहूकडे उडतं. नोझल तिथेच ठेवून मागे व्हा आणि मशीन बंद करायला ओरडा.

पैशांच्या बाबतीत भांडणं होतात ती बोलण्यातल्या गोंधळामुळे. काचेतून हात काढून दोन बोटं दाखवली की पंपवाला दोनशे समजतो, तुम्हाला दोन हजार हवे असतात. आकडा तोंडाने सांगा, ‘पेट्रोल’ की ‘डिझेल’ तेही सांगा, आणि मशीनवरचं शून्य बघितल्याचंही तोंडाने म्हणा. शंभरऐवजी एकशेदहाचं टाकलं की माप बरोबर येतं असं पुष्कळ जण सांगतात, त्यात अर्थ नाही. मशीन पातळ इंधनाचा प्रवाह मोजतं, तुमचा आकडा गोल आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं, ते भरून दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. 5 लिटरला 25 मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी भरलं तर तक्रार वहीत लिहा. फक्त ही मागणी रांग लांब असताना मशीनसमोर गाडी ठेवून करू नका, गाडी बाजूला लावून करा. फोनवरून पैसे द्यायचे असतील तर नोझल जागेवर गेल्यावर, मशीनपासून चार पावलं लांब उभं राहून द्या. आणि पैसे दिले की गाडी आधी पुढे घ्या. पाकीट, बिल, सीट बेल्ट, हेल्मेटचा पट्टा, सगळं पुढे जाऊन. दुपारी एक-दोन वाजता छपराची सावली सोडवत नाही हे खरं, पण ती जागा मशीनची आहे.

इंधन चुकलं तर? डिझेलचं नोझल जाड असतं, ते पेट्रोल गाडीच्या अरुंद गळ्यात सहसा जात नाही. पण पेट्रोलचं नोझल डिझेलच्या टाकीत आरामात जातं, म्हणून चूक बहुधा याच दिशेने होते. लक्षात आल्या क्षणी चावी फिरवू नका. डिझेलचा पंप आणि इंजेक्टर यांना डिझेलचंच वंगण लागतं, पेट्रोलवर ते कोरडे घासतात आणि खर्च हजारांत नाही, लाखात जाऊ शकतो. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बाजूला घ्या, टाकी रिकामी करून घ्या. इथे मागच्या चार गाड्यांच्या चालकांनी मिळून ढकललं तर एका मिनिटात रांग मोकळी होते.

ट्रकवाल्याशी तुमचं वाजलं म्हणता. अमरावती रोडला वाडीकडे किंवा कळमना बाजाराच्या बाजूला तुम्हाला ट्रकच ट्रक दिसतील. देशाचा उत्तर-दक्षिण 44 आणि पूर्व-पश्चिम 53 हे दोन्ही राष्ट्रीय महामार्ग नागपुरातून जातात, त्यामुळे शहराच्या कडेचे पंप मुळात त्यांचेच. ट्रक डावीकडे पंपात वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेवरून जात नाहीत, आत कापतात. म्हणून वळायच्या आधी तो उजवीकडे जातो. ती डावीकडची मोकळी जागा तुमच्यासाठी नाही. तिथे दुचाकी घातली तर मागचं चाक तिथेच येणार आणि उंच केबिनमधून चालकाला डाव्या बाजूचं जवळचं काही दिसत नाही. बंपरला खेटून पुढे उभी असलेली स्कूटरही त्याला दिसत नाही. त्याचे आरसे तुम्हाला दिसत नसतील तर तुम्ही त्याला दिसत नाही.

दुसरी गोष्ट, जी चारचाकीवाल्यांना सहसा माहीत नसते. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. हवा कमी झाली की मागची चाकं स्प्रिंगने जखडतात आणि दाब पुरेसा चढेपर्यंत सुटत नाहीत. जुन्या गाडीची हवा पंपावर बंद असताना थोडी उतरली असेल तर डिझेल भरून झाल्यावर इंजिन सुरू करूनही त्याला मिनिटभर उभं राहावं लागतं. तो मुद्दाम थांबलेला नसतो, डॅशबोर्डवरचा काटा चढायची वाट बघत असतो. तेवढ्यात हॉर्न वाजवून काही होत नाही. तुमचं भांडण यातूनच झालं असणार, असा माझा अंदाज आहे. ट्रकवाल्यांनीही एक करावं: डिझेल भरून झाल्यावर चहा, टायर ठोकून बघणं, दोर आवळणं हे मशीन सोडून, कडेला.

हवा भरायच्या जागी वेगळीच रांग असते. नंबर यायच्या आधी व्हॉल्व्हची टोपी काढून खिशात ठेवा आणि चाक असं थांबवा की व्हॉल्व्ह खालच्या बाजूला, हाताला लागेल असा येईल. किती भरायची ते गाडीच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं, तो आकडा थंड टायरचा आहे. वर्धा रोडने तासभर पळवून आलात तर काटा तीन-चार पॉइंट जास्त दाखवेल, ती हवा काढू नका. ट्रकला शंभर पॉइंटच्या वर लागते, त्यामुळे त्याचा वेळ जास्त. मागे दोन दुचाकी असतील तर त्याने त्यांना आधी जाऊ द्यावं, बहुतेक जण जाऊ देतात.

आता बर्डी. आखलेली जागा सहसा अडीच मीटर रुंद असते. गाडी पावणेदोन मीटरची धरा. उरले 75 सेंटीमीटर, म्हणजे बरोबर मध्ये लावली तर दोन्ही बाजूंना साडेसदतीस. शेजारचाही मध्ये असेल तर दोन गाड्यांमध्ये पाऊण मीटर, त्यात दार उघडून माणूस निघतो. तुम्ही 25 सेंटीमीटर त्याच्याकडे सरकलात की उरतं अर्धा मीटर आणि ओरखडा तिथेच येतो. म्हणून आखणीत शिरून झाल्यावर दोन्ही आरशांत पट्टा सारखा दिसतो का बघा, नसेल तर पुन्हा काढून लावा. उतरताना दाराच्या कडेवर तळहात ठेवून उघडा, शेजारच्या पत्र्याला आधी तुमची बोटं लागतील. व्हीलचेअरच्या चित्राची जागा जास्त रुंद असते ती खुर्ची बाजूला लावायला. ‘पाचच मिनिटं’ म्हणूनही तिथे लावू नका.

दुचाकींच्या ओळीत सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला हवीत. स्टँड डावीकडे, सायलेन्सर बहुतेक गाड्यांना उजवीकडे. म्हणजे तुमच्या डाव्या बाजूला उतरायला फूटभर जागा लागते आणि उजवीकडच्याची पोटरी तुमच्या सायलेन्सरला भाजू शकते. गर्दीच्या जागी हँडल लॉक करू नका म्हणून पार्किंगवाला सांगतो, ते ऐका. लॉक केलेली गाडी त्याला उचलून सरकवावी लागते आणि मग शेजारच्याचा आरसा मोडतो. काढताना आधी गाडी सरळ करा, स्टँड वर घ्या, मग मागे ओढा, नाहीतर ब्रेकचा दांडा शेजारच्याच्या केबलमध्ये अडकतो. एप्रिल-मे मध्ये डांबर मऊ होतं, साइड स्टँडचं टोक त्यात रुततं आणि एक गाडी पडली की ओळच्या ओळ आडवी होते. डिकीत वीतभर फरशीचा किंवा फळीचा तुकडा ठेवा, स्टँडखाली सरकवा. सेंटर स्टँड असेल तर तो लावा.

ऑटोचं पुढचं चाक एकच असतं, तो जागच्या जागी वळतो. पण त्याचा मागचा भाग पुढच्यापेक्षा रुंद असतो आणि घासतो तो मागचाच कोपरा. वळणाऱ्या ऑटोच्या मागच्या कोपऱ्याजवळ गाडीचं नाक ठेवू नका. आणि ऑटो स्टँडवर, बस थांब्यावर चारचाकी नकोच.

इतवारी, महाल, गांधीबाग या दाटीच्या भागांत कोणाच्या मागे आडवी गाडी लावायची वेळ आली तर, आणि जमीन सपाट असेल तरच, न्यूट्रलमध्ये हँडब्रेक न लावता, चाकं सरळ ठेवून लावतात. मागच्या-पुढच्या चाकाला छोटा दगड द्या आणि फोन नंबर काचेत दिसेल असा ठेवा. बटणाचा पार्किंग ब्रेक असलेल्या आणि बऱ्याचशा ऑटोमॅटिक गाड्या अशा सोडता येत नाहीत. त्या आडव्या लावायच्याच नाहीत. तुमची गाडी अडकली असेल तर आधी नंबरवर फोन करा, ‘दादा, गाडी काढायची आहे, जरा येता का?’ एवढं पुरतं. नंबर नसेल तर पार्किंगवाल्याला घेऊन दोघांनी ढकला. बॉनेटच्या पत्र्यावर जोर देऊ नका, तो दबतो. मागून ढकलताना तळहात डिकीच्या कडेला, दिव्यांच्या मध्ये ठेवा, आणि एक जण पुढे उभा राहून चाकाला दगड लावायला तयार असू द्या.